स्तनातलं इम्प्लांट जागा का सोडतं, आणि मग काय करायचं

स्तन मोठे करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या बायकांच्या तक्रारींत एक तक्रार पुन्हा पुन्हा येते, ती जागेची. एक बाजू खाली उतरली आहे, दुसरी वरच राहिली आहे. आडवं पडलं की दोन्ही काखेकडे पळतात. स्तनाच्या खालच्या भागात मधोमध एक आडवी रेघ उमटली आहे. अशा वेळी पहिला विचार येतो की इम्प्लांटच खराब निघालं असेल, ते बदलून घ्यावं. पण इम्प्लांट स्वतःहून कुठेच जात नाही. ते ज्या कप्प्यात ठेवलेलं असतं, तो कप्पा जिकडे सैल पडतो किंवा आक्रसतो तिकडे ते जातं. कप्पा तसाच ठेवून नवं इम्प्लांट घातलं तर तेही काही महिन्यांत त्याच जागी जाऊन बसतं. दुसऱ्या ऑपरेशनचा विचार करणाऱ्या प्रत्येकीला ही एक गोष्ट आधी नीट कळायला हवी.

इम्प्लांटला धरून काय ठेवतं?

सिलिकॉनचं पहिलं इम्प्लांट १९६२ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात बसवलं गेलं. त्याच्या मागच्या बाजूला कापडी तुकडे लावलेले होते, ते छातीला चिकटून राहावं म्हणून. आजच्या इम्प्लांटना तसं काही नसतं. टाका घालून ते बांधलेलं नसतं, हाडाला जोडलेलं नसतं. सर्जन स्तनग्रंथीच्या मागे, किंवा छातीच्या मोठ्या स्नायूच्या मागे, एक पोकळी तयार करतात आणि त्यात ते ठेवतात. हा झाला कप्पा. शरीर कोणत्याही परक्या वस्तूभोवती पातळ पडदा विणतं, तसा तो इम्प्लांटभोवतीही विणतं. या पडद्याला कॅप्सूल म्हणतात. पहिल्या काही आठवड्यांत तो तयार होतो आणि पुढचे काही महिने पक्का होत राहतो. कॅप्सूल होणं हा आजार नव्हे, ती प्रत्येकीच्या शरीरात होते. अभ्रा उशीपेक्षा मोठा असला की उशी एका कोपऱ्यात जमते. कप्पा आणि इम्प्लांट यांचं नातं तेवढंच साधं आहे.

कप्प्याच्या सीमा चार बाजूंनी असतात. खाली स्तनाखालची घडी, जिथे त्वचा आतल्या तंतूंनी छातीच्या भिंतीला बांधलेली असते. मधल्या बाजूला उरोस्थी, म्हणजे छातीचं मधलं हाड, आणि त्याला चिकटलेला स्नायू. बाहेरच्या बाजूला काखेजवळची चरबी आणि ऊती. वरची सीमा सहसा सैल पडत नाही, कारण वजन खाली ओढतं.

या सीमांवर तीन बळं काम करतात. पहिलं वजन. ४०० सीसीचं इम्प्लांट म्हणजे जवळपास ४०० ग्रॅम, दोन्ही मिळून पाऊण किलोच्या वर, आणि ते रात्रंदिवस ओढत असतं. दुसरं बळ स्नायूचं. इम्प्लांट स्नायूखाली असेल तर हात रेटून काही उचललं की प्रत्येक वेळी स्नायू त्याला खाली आणि बाहेर ढकलतो. तिसरं बळ म्हणजे जखम भरताना ऊतींचं आक्रसणं. इम्प्लांट कोणत्या दिशेला गेलं आहे हे पाहिलं की यांतल्या कोणत्या बळानं जोर केला ते बहुतेक वेळा कळतं, आणि उपायही तिथूनच ठरतो.

इम्प्लांट कोणत्या थरात आहे हे तुमच्या कागदपत्रांवर लिहिलेलं असतं, नसेल तर विचारून घ्या. ग्रंथीखाली, स्नायूखाली आणि दुहेरी थरात असे मुख्य प्रकार आहेत. दुहेरी थरात वरचा भाग स्नायूखाली आणि खालचा भाग थेट ग्रंथीखाली असतो. त्यासाठी स्नायूची खालची बाजू बरगड्यांपासून सोडवावी लागते. ती किती सोडवली, कमी की जास्त, यावर पुढचं पुष्कळ अवलंबून असतं.

पहिले तीन महिने घाईनं निकाल लावू नका

ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यांत इम्प्लांट वरच दिसतं. स्तनाचा वरचा भाग फुगलेला, कडक आणि चमकदार, खालचा भाग रिकामा. स्नायू ताठ असतो, सूज असते, खालची त्वचा अजून ताणली गेलेली नसते. स्नायू सैल होऊन इम्प्लांट खाली बसायला साधारण तीन महिने लागतात, काहींना सहा. उजव्या हातानं काम करणाऱ्या बाईचा उजवा स्नायू जास्त मजबूत असतो, त्यामुळे दोन्ही बाजू वेगवेगळ्या वेगानं खाली येतात. एका महिन्याच्या फोटोवरून "एक वर, एक खाली" असं ठरवून दुरुस्ती मागणं चुकीचं ठरू शकतं. दुरुस्तीची शस्त्रक्रिया शक्यतो सहा महिन्यांच्या आधी करत नाहीत, कारण कॅप्सूल पक्की झाल्याशिवाय टाक्यांना धरायला चांगली ऊती मिळत नाही.

काही गोष्टींसाठी मात्र एक दिवसही थांबायचं नाही. पहिल्या एकदोन दिवसांत एकच बाजू अचानक मोठी, घट्ट आणि दुखरी झाली तर आत रक्त साचत असण्याची शक्यता असते. ते रात्रीसुद्धा ऑपरेशन करून काढावं लागतं. साचलेलं रक्त तसंच राहिलं तर कप्पा फुगतो आणि पुढे कॅप्सूल आवळण्याचा धोका वाढतो. ताप, लाली, जखमेतून पाणी किंवा पू आला तर लगेच सर्जनकडे जा. आणि वर्षभरानंतर किंवा त्याहून उशिरा एक बाजू काहीच कारण नसताना सुजली, तर सोनोग्राफी करून आतलं पाणी सुईनं काढून तपासायला पाठवायलाच हवं. त्या पाण्यावर सीडी३० ही तपासणी मागितली जाते. इम्प्लांटभोवती होणारा एक दुर्मिळ लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कर्करोग, असतो, तो बहुतेक अशा उशिरा साचलेल्या पाण्यानंच ओळखू येतो. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी त्याचा संबंध आढळला आहे. त्यामुळेच जुलै २०१९ मध्ये ॲलरगन कंपनीनं बायोसेल पृष्ठभागाची इम्प्लांट जगभरातून मागे घेतली.

खाली घसरणं

इम्प्लांट घडीच्या खाली उतरतं तेव्हा दिसणारं चित्र ठरलेलं असतं. स्तनाग्र वर पाहू लागतं, कधी कधी ब्राच्या काठावरून डोकावतं. स्तनाचा वरचा भाग रिकामा आणि खालचा भाग लांब होतो. घडीतून चीर घेतलेली असेल तर तो व्रण घडीत न राहता स्तनाच्या खालच्या भागावर, चक्क समोर दिसू लागतो. व्रण वर सरकलेला नसतो, त्याच्या खालची जमीन उतरलेली असते. ही खूण इतकी बोलकी आहे की पुष्कळदा तिच्यावरूनच निदान होतं.

कारणं बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त असतात. कप्पा करताना घडीचे तंतू गरजेपेक्षा जास्त सोडवले गेले, किंवा घडी मुद्दाम खाली घेतली आणि नव्या जागी ती टाक्यांनी नीट बांधली नाही. इम्प्लांट शरीराच्या मानानं जड निवडलं. बाळंतपण, स्तनपान किंवा मोठ्या वजनघटीमुळे त्वचा आधीच पातळ आणि सैल होती. आणि ब्राचा आधार न घेता धावणं, दोरीच्या उड्या, झुंबा हे सगळं लवकर सुरू झालं.

थोडं खाली उतरणं वयानुसार सगळ्यांचंच होतं. स्तनाग्राच्या पातळीच्या वर साधारण ४५ टक्के आणि खाली ५५ टक्के भाग असणं डोळ्याला नैसर्गिक वाटतं, म्हणजे खालची बाजू किंचित भरलेली असणं हा दोष नाही. स्तनाग्र ते घडी हे अंतर महिन्यांमागून महिने वाढतच चाललं असेल तर मात्र ते आपोआप थांबण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. त्वचा जितकी ताणली जाईल तितकी नंतरची दुरुस्ती कठीण.

दोन फुगवटे दिसणं

याच कुटुंबातला पण वेगळा प्रकार म्हणजे स्तनाच्या खालच्या भागात आडवी रेघ आणि तिच्या वर-खाली दोन फुगवटे. इथे इम्प्लांट जुन्या घडीच्या खाली बसलेलं असतं, पण जुनी घडी पुसली गेलेली नसते. ती दोरी आवळल्यासारखी इम्प्लांटच्या पोटावरून जाते.

ज्यांची घडी मुळात खूप घट्ट आणि स्पष्ट असते, स्तनाग्र ते घडी अंतर कमी असतं, किंवा स्तनाचा तळ अरुंद आणि नळीसारखा असतो, त्यांच्यात हे जास्त होतं. अशा शरीरात मोठं इम्प्लांट बसवायचं म्हणजे घडी खाली न्यावीच लागते, आणि तिथेच ही जोखीम सुरू होते. अनुभवी सर्जन अशा रुग्णाला ऑपरेशनच्या आधी हे सांगतात, ग्रंथीचा आतला भाग उभ्या-आडव्या कापांनी मोकळा करतात आणि इम्प्लांट लहान सुचवतात. पहिल्या काही महिन्यांत दिसणारी पुसट रेघ त्वचा ताणली जाता जाता कमी होऊ शकते. सहा महिन्यांनंतरही ठळक असेल तर ती शस्त्रक्रियेशिवाय जात नाही.

याच्याशी गोंधळ होईल असा आणखी एक प्रकार आहे. इम्प्लांट वर, आपल्या जागी घट्ट बसलेलं असतं आणि सैल ग्रंथी त्याच्यावरून खाली ओघळते. बाजूनं पाहिलं तर वर एक उंचवटा, खाली लोंबता भाग. इथे इम्प्लांट घसरलेलं नाही, स्तन घसरला आहे. आधीपासून ओघळलेल्या स्तनात लिफ्ट, म्हणजे स्तन वर उचलण्याची शस्त्रक्रिया, न करता फक्त इम्प्लांट स्नायूखाली ठेवलं की असं होतं. लिफ्टचा व्रण नको म्हणून निव्वळ इम्प्लांटवर भागवायचा आग्रह पुष्कळ जणी धरतात. त्या आग्रहाची ही किंमत असते.

बाहेर आणि मध्ये

पाठीवर झोपल्यावर इम्प्लांट थोडं बाहेर जाणं नैसर्गिक आहे, खरा स्तनही तसाच जातो. प्रश्न तेव्हा, जेव्हा ते काखेपर्यंत जातं, दंडाला घासतं, आणि उभं राहिल्यावरही दोन स्तनांमधलं अंतर रुंद दिसतं. छातीचा पिंजरा मध्ये उंच आणि बाजूंनी उतरता असेल तर इम्प्लांट उतारावरच ठेवलेलं असतं. त्यात कप्पा बाहेरच्या बाजूला जास्त उघडला आणि वरून स्नायू रोज ढकलत राहिला, की ते सरकणार. म्हणूनच सर्जन बाहेरची बाजू शेवटी आणि बेतानं उघडतात. तिथूनच चौथ्या बरगडीजवळची नस स्तनाग्राकडे जाते. ती दुखावली तर स्तनाग्राची संवेदनाही जाते.

उलट दिशेची चूक जास्त त्रासदायक असते. दोन्ही इम्प्लांट मध्यरेषेकडे सरकून मधली दरी नाहीशी होते, त्वचा हाडावरून उचलली जाते. एका बाजूचं इम्प्लांट मध्ये ढकललं की उरोस्थीवरची त्वचा तंबूसारखी वर येते, ही त्याची परीक्षा. मुळात छातीचं हाड आत खचलेलं असलं तर धोका वाढतो. पण बहुतेक वेळा कारण एकच, दरी दाट दिसावी म्हणून मोठ्या तळाचं इम्प्लांट घालणं आणि उरोस्थीला चिकटलेला स्नायू सोडवणं. हा स्नायू घडीच्या वर मध्यभागी कापायचा नसतो. प्रत्येक कप्पा मध्यरेषेपासून किमान दीड सेंटिमीटर दूर थांबवायचा, म्हणजे दोन्हींमध्ये निदान ३ सेंटिमीटर राहतात. ज्यांचे स्तन मुळातच दूर आहेत त्यांना इम्प्लांट जवळ आणून देणार नाही, हे आधीच स्वीकारलेलं बरं. दरीची हौस ब्रानं भागवता येते, ऑपरेशननं भागवायला गेलं तर दुरुस्ती फार अवघड होते.

वर अडकणं

सहा महिन्यांनंतरही इम्प्लांट वरच असेल तर दोन शक्यता असतात. स्नायूची खालची बाजू पुरेशी सोडवली नसेल, तर स्तन मऊ असतो पण वर असतो आणि सुरुवातीपासूनच तसा असतो. काखेतून चीर घेतली असेल आणि दुर्बिणीचा वापर केला नसेल, तर खालचा स्नायू दूरवरून अंदाजानं सोडवावा लागतो, त्यामुळे हे जास्त दिसतं. दुसरी शक्यता कॅप्सूल आवळण्याची. आधी सगळं ठीक होतं, मग हळूहळू एक बाजू कडक होत वर गेली आणि चेंडूसारखी गोल झाली. बेकरच्या मोजपट्टीवर याचे चार टप्पे आहेत. पहिल्यात स्तन मऊ, दुसऱ्यात हाताला थोडा घट्ट लागतो, तिसऱ्यात डोळ्याला आकार बदललेला दिसतो, चौथ्यात दुखतो. तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यासाठी बहुधा ऑपरेशन लागतं.

जुन्या काळी डॉक्टर बाहेरून हातांनी जोरात दाबून कॅप्सूल फोडत असत. आज हे करायचं नाही. त्यानं इम्प्लांट फुटतं, रक्तस्राव होतो. मालिश करून "खाली बसवून देतो" असं म्हणणाऱ्या कोणाच्याही हाती छाती देऊ नका. छातीच्या वरच्या भागावर बांधायचा रुंद पट्टा किंवा हलकं ढकलणं काही सर्जन पहिल्या आठवड्यांत सांगतात. ते त्यांनी दाखवलं त्याच पद्धतीनं आणि तेवढाच वेळ करायचं. खरखरीत इम्प्लांटला तर मालिश करायचंच नसतं, कारण ते ऊतींना चिकटून राहणं अपेक्षित असतं.

फिरणं आणि उलटणं

गोल इम्प्लांट जागेवर फिरलं तरी काही दिसत नाही. थेंबाच्या आकाराचं फिरलं तर फुगीर भाग बाजूला किंवा वर येतो आणि आकार एका दिवसात बदललेला वाटतो. क्वचित गुळगुळीत गोल इम्प्लांट पोळी उलटावी तसं पुढचं मागे होतं. मग स्तन समोरून चपटा लागतो. सर्जन दवाखान्यातच ते हातानं सुलटं करू शकतात, पण पुन्हा पुन्हा उलटत असेल तर कप्पा मोठा आहे हे नक्की.

दंडाला जोर दिला की स्तन वर उडी मारतो किंवा बाहेर खेचला जातो, आणि हात सैल सोडल्यावर जागेवर येतो, याला जागा सोडणं म्हणत नाहीत. तो स्नायूखालच्या इम्प्लांटचा परिणाम आहे. फार असेल तर इम्प्लांट स्नायूच्या वर आणून तो घालवता येतो, पण त्यासाठी वरची ऊती पुरेशी जाड हवी.

हे सगळं आधी टाळता येतं ते मोजमापानं

"सी कप हवा" ही मागणी सर्जनच्या फारशी कामाची नाही, कारण प्रत्येक ब्रँडचा सी वेगळा. कामाचे आकडे वेगळे असतात. स्तनाच्या तळाची रुंदी मोजतात आणि इम्प्लांटचा तळ त्याहून साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर कमी ठेवतात. १२ सेंटिमीटर रुंद स्तनात १३ सेंटिमीटरचं इम्प्लांट गेलं की जागा काखेत तरी काढावी लागते, नाहीतर मध्यरेषेवर. वरच्या भागाची ऊती चिमटीत धरून मोजतात. ती २ सेंटिमीटरहून कमी भरली तर इम्प्लांट स्नायूखाली ठेवणं सुरक्षित, नाहीतर कडा आणि लाटा दिसतात.

तिसरा आकडा सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्षित. स्तनाग्र ते घडी हे अंतर त्वचा ताणून मोजायचं. २५० सीसीला ते साधारण ७ सेंटिमीटर लागतं, ३०० ला ८, ३५० ला साडेआठ, ४०० ला साडेनऊ. तुमचं अंतर ६ असेल आणि तुम्ही ४०० मागत असाल, तर घडी साडेतीन सेंटिमीटर खाली न्यावी लागेल. एवढी नेलेली घडी नव्या जागी टिकेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. सर्जननं ३०० च्या वर जायला नकार दिला तर तो तुमच्या बाजूनं बोलत असतो. दुसरा सर्जन "देतो ना ४५०" म्हणाला म्हणून तिकडे जाणं हे पुढच्या दुरुस्तीचं बीज असतं.

आणखी मुलं हवी असतील तर आणि नुकतंच स्तनपान थांबलं असेल तर थांबा. दूध पूर्ण आटल्यावर तीन ते सहा महिन्यांनी स्तनाचा खरा आकार कळतो. त्याआधी घेतलेली मापं चुकीची निघतात.

घरी नोंद कशी ठेवायची

आठवणीवर विसंबू नका, आरसा रोज पाहणाऱ्याला बदल दिसत नाही. मोबाईल स्तनाग्राच्या उंचीवर ठेवून, रोजच्याच जागी, त्याच उजेडात चार फोटो घ्या. एक हात सोडून उभं राहून. एक हात डोक्यावर ठेवून. एक दोन्ही हात कमरेवर ठेवून जोरात आत दाबताना. एक पाठीवर झोपून, पायाकडून. मग शिंप्याच्या टेपनं स्तनाग्र ते घडी आणि मध्यरेषा ते स्तनाग्र, दोन्ही बाजूंचं अंतर लिहून ठेवा. हे ऑपरेशनच्या आधी, मग पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात करा. ऑपरेशनआधीचे फोटो यांत फार मोलाचे. कित्येक जणींना नंतर लक्षात येतं की छातीचा पिंजरा किंवा घडी पहिल्यापासूनच दोन्ही बाजूंना सारखी नव्हती. जन्मजात फरक इम्प्लांट झाकत नाही, कधी उलट उठून दिसतो.

दुरुस्ती कशी करतात

पट्टा, आधार देणारी ब्रा आणि वाट पाहणं यांचा उपयोग पहिल्या काही आठवड्यांतच. कॅप्सूल पक्की झाल्यावर कप्प्याची सीमा बदलायला ऑपरेशनच लागतं.

घसरलेल्या किंवा बाहेर गेलेल्या इम्प्लांटसाठी नको असलेला कप्प्याचा भाग बंद करतात. नुसतं शिवून भागत नाही. कॅप्सूलचा आतला पृष्ठभाग गुळगुळीत असतो, दोन गुळगुळीत पृष्ठभाग शेजारी शिवले तरी चिकटत नाहीत. म्हणून तिथली कॅप्सूल खरडून, जाळून किंवा पट्टी कापून काढून कच्ची करतात आणि मग न विरघळणाऱ्या किंवा फार हळू विरघळणाऱ्या टाक्यांच्या दोन ओळी घालतात. घडी नव्यानं बांधायची असेल तर टाके छातीच्या भिंतीतल्या मजबूत थरातून घेतात. टेबलावर रुग्णाला भुलीतच बसवून दोन्ही बाजू तपासतात, कारण आडव्या स्थितीत सगळंच ठीक दिसतं.

मध्यरेषेवर आलेल्या, किंवा एकदा शिवूनही पुन्हा उसवलेल्या कप्प्यासाठी जास्त खात्रीचा मार्ग म्हणजे नवा कप्पा. स्नायू आणि जुन्या कॅप्सूलची पुढची भिंत यांच्यामध्ये योग्य मापाची नवी जागा तयार करतात आणि जुना कप्पा चपटा करून बंद करतात. इम्प्लांट जुन्या पोकळीत परत जाऊच शकत नाही. वर अडकलेल्यासाठी उलटं काम, म्हणजे स्नायूची राहिलेली पकड सोडवायची, आवळलेली कॅप्सूल काढायची आणि बहुतेक वेळा इम्प्लांट नवं घालायचं.

ऊती फार पातळ असतील तर आधाराला जाळी किंवा प्राणी वा मानवी त्वचेपासून बनवलेला पेशीविरहित पडदा शिवतात. विरघळणाऱ्या जाळ्यांपैकी एक प्रकार सुमारे दीड ते दोन वर्षांत शरीरात जिरतो आणि मागे स्वतःच्या ऊतीचा थर सोडतो. हे साहित्य महाग असतं आणि संसर्ग किंवा पाणी साचण्याची जोखीम वाढवू शकतं. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, २०२१ साली स्पष्ट केलं होतं की त्वचेपासून बनवलेल्या या पडद्यांपैकी एकालाही खास इम्प्लांटनं स्तन पुन्हा घडवण्यासाठी मंजुरी दिलेली नव्हती. म्हणून "जाळी लावायचीच आहे" असं कळलं तर का, कोणती आणि ती नसेल तर काय, हे विचारा.

दुरुस्तीत सर्जन लहान इम्प्लांट सुचवतील. ऐका. ज्या वजनानं पहिली घडी उतरवली तेच वजन नव्या टाक्यांवर ठेवलं तर टाके किती दिवस तग धरणार? दुरुस्तीनंतरही पुन्हा सरकण्याची शक्यता शून्य होत नाही.

नंतरचे सहा आठवडे निकालाचे असतात. आधाराची ब्रा दिवसरात्र, पुष्कळदा तीन महिन्यांपर्यंत. पालथं झोपायचं नाही. पाण्याची भरलेली बादली, गॅस सिलिंडर, कडेवरचं मूल, पोळपाटावर जोर देऊन लाटणं, लोकलमध्ये दांडीला लोंबकळणं, स्कूटर स्टँडवर चढवणं, या सगळ्यांत छातीचा स्नायू आकसतो आणि ताजे टाके ओढले जातात. घरच्यांना हे आधीच सांगून कामाची वाटणी करून घ्या. चालणं दुसऱ्या दिवसापासून चालेल. जोर, बेंच प्रेस आणि पोहणं सर्जन सांगेपर्यंत नाही.

पैसे आणि कागद

सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आणि तिची दुरुस्ती साधारणपणे आरोग्यविम्यात बसत नाही, आणि भारतात तिच्यावर १८ टक्के जीएसटीही लागतो. उत्पादकांची हमी बहुधा इम्प्लांट फुटण्यासाठी, काही ठिकाणी कॅप्सूल आवळण्यासाठी असते. जागा सोडण्यासाठी नसते. त्यामुळे पहिल्या ऑपरेशनच्या आधीच लेखी विचारा की वर्षभरात दुरुस्ती लागली तर सर्जनची फी, भूल, ऑपरेशन थिएटर आणि नवं इम्प्लांट यांतला कोणता खर्च कोणावर. उत्पादकांच्या दहा वर्षांच्या पाहण्यांत सौंदर्यासाठी इम्प्लांट बसवलेल्या चौघींपैकी एक ते तिघींपैकी एक, एवढ्या बायकांना कोणत्या ना कोणत्या कारणानं दुसरं ऑपरेशन लागलं आहे. तेव्हा हा प्रश्न विचारताना संकोच नको.

सर्जनची पदवी पाहा. प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीआरएनबी ही पात्रता आणि महाराष्ट्रात असाल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी तपासून घ्या. पाटीवर "कॉस्मेटिक सर्जन" लिहिलेलं असणं म्हणजे पदवी नव्हे. दुरुस्तीसाठी दुसऱ्या सर्जनकडे जात असाल तर पहिल्या ऑपरेशनची नोंद, थर, चीर आणि इम्प्लांट कार्ड सोबत न्या. त्या कार्डावर कंपनी, मॉडेल, सीसी आणि लॉट नंबर असतो. ते हरवलं तर सर्जनला आत काय आहे हे कापल्यावरच कळतं. कार्डाचा फोटो आजच मोबाईलमध्ये आणि घरातल्या एका विश्वासाच्या माणसाकडे ठेवा.

आकार अचानक बदलला तर आधी सोनोग्राफी करून इम्प्लांट फुटलेलं नाही ना हे पाहतात, गरज पडली तर एमआरआय. काहीच त्रास नसला तरी सिलिकॉनच्या इम्प्लांटची तपासणी पाचव्या-सहाव्या वर्षी आणि मग दर दोन-तीन वर्षांनी करावी अशी एफडीएची शिफारस आहे. आणि मॅमोग्राफीला गेलात तर यंत्रावर उभं राहण्याआधी तंत्रज्ञाला इम्प्लांट असल्याचं सांगा. मग ते इम्प्लांट मागे सारून वेगळ्या कोनातून जादा चित्रं घेतात, ज्यामुळे ग्रंथीतली गाठ झाकली जात नाही.